शंभरपैकी चौदा

आमचे शेजारी तायडेभाऊ काडेपेट्या आणतात त्या एकदम तीन. घरी आले की ओट्यावर मांडी घालून बसतात, तिन्ही पेट्या रिकाम्या करून शंभर काड्या मोजून वेगळ्या काढतात आणि एकेक करून ओढतात. किती पेटल्या, किती मोडल्या, किती नुसत्याच फुसफुसल्या, ते वहीत टिपतात. मग घराकडे तोंड करून जाहीर करतात, "पंचफुला, उगवण एक्क्याऐंशी! पेरणीयोग्य!"

आतून पंचफुलावहिनींचा आवाज येतो, "आन् आता गॅस काय त्या वहीनं पेटवू?"

हा संवाद मी गेली पंधरा वर्षं ऐकते आहे. मोताळ्यात आमच्या दोन घरांची एक भिंत सामाईक आहे, आणि ती भिंत भाऊंच्या आवाजापुढे नसल्यातच जमा आहे.

तायडेभाऊ सरकारी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. अठ्ठावीस वर्षं दाणे मोजले. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे ठेवायचे, वरून दुसरा तुकडा पांघरायचा, सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याच्या वर आले तर बियाणं पेरणीयोग्य. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि भाऊ शाल पांघरून घरी आले ते थेट अंगणातल्या निंबाखाली गोणपाट भिजवायला बसले. तेव्हापासून मृगाच्या आधी महिनाभर त्यांच्या दारात शेतकऱ्यांची रीघ असते. कुणी रुमालाच्या गाठीत सोयाबीन आणतो, कुणी पिशवीत. प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी असते. त्यावर नाव, गाव, वाण आणि तारीख. भाऊ कुणाकडून काही घेत नाहीत. फक्त नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि बुडातून असा तिन्ही जागचा पाहिजे. नुसता वरचा चांगलाचुंगला दाणा आणणाऱ्याला ते दारातून परत पाठवतात. "मले फसवून काय करशीन बे? माती फसत नसते."

इथवर सगळं ठीक होतं. अडचण अशी, की या माणसाने ही चाचणी पोत्यापुरती ठेवली नाही. पुतण्याच्या लग्नाच्या शंभर पत्रिका स्वतः वाटल्या, आणि बुद्धवंदना संपल्या संपल्या मंडपाच्या दारात उभं राहून आलेली घरं मोजली. "उगवण एकाहत्तर. लग्न पेरणीयोग्य," असं त्यांनी नवरदेवाच्या कानात सांगितलं. धाड गावाला जाणारी एस.टी. शंभर वेळांपैकी किती वेळा वेळेवर सुटली, याचीही नोंद आहे. ती मी इथे देत नाही, कारण मला त्या बसने अजून जायचं आहे. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बारावीचा निकाल लागला की पेढा हातात घ्यायच्या आधी भाऊ विचारतात, "मॅडम, तुमच्या विषयाची उगवण?" एका वर्षी मी अडुसष्ट म्हणाले. त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला.

त्यांचं दुसरं वाक्य याहून कठीण होतं. "आकडा सांगा, किस्से नको." तुम्ही सांगायला लागावं की काल दवाखान्यात इतकी गर्दी होती, की त्या बाकावर एक म्हातारी बसली होती, तर भाऊ हात वर करणार. "किती नंबर होता तुमचा? सदतीस. बस. समजलं." म्हातारी तिथेच राहायची.

आणि अशा माणसाच्या वाट्याला बायको आली पंचफुलावहिनी. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वहिनी म्हणजे किश्शांचं भांडार. धाड त्यांचं माहेर. बाजारातून वांगी आणली हे सांगायचं असेल तर सुरुवात धाडच्या शाळेपासून व्हायची. मग शाळेच्या मास्तरांची सायकल, ती सायकल ज्याने विहिरीत टाकली तो मुलगा, त्या मुलाच्या बहिणीचं सासर, तिथली वांगी, असं करत करत त्या आजच्या वांग्यांवर येणार. येणार म्हणजे आल्या असत्या. सायकल विहिरीपर्यंत पोचायच्या आत भाऊ म्हणायचे, "किती किलो?" वहिनी म्हणायच्या, "अर्धा." संपला किस्सा. मग भाजी चिरायची राहिली तरी चालेल, पण उरलेला किस्सा सांगायला त्या माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. बत्तीस वर्षांच्या संसारातले किश्शांचे शेवट बहुतेक सगळे माझ्याकडे जमा आहेत. मला त्याची तक्रार नाही. पण एकदा त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या होत्या, "यायले शेवट माहीतच नाही बाप्पा माह्या कोन्त्याच किश्श्याचा," आणि हसल्या होत्या. ते हसणं मला आवडलं नव्हतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. अशाच एका किश्श्याच्या मधोमध, मास्तरांची सायकल विहिरीच्या काठावर असताना, वहिनी म्हणाल्या, "आन् हे पाहा बरं मॅडम, इथं मले काहीतरी हाताले लागून राह्यलं. दुखत नाही. तर तो पोट्टा काय करते, सायकल उचलते..."

मी सायकल तिथेच थांबवली. त्यांचा किस्सा मी तोडला तो त्या एकदाच.

हात लावून पाहिला. छातीच्या डाव्या बाजूला, काखेकडे, वाटाण्याएवढी टणक गाठ होती. वहिनींना वाटत होतं, उष्णतेचं काही असेल. मी भाऊंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, महिना झाला म्हणतात. ते घरात गेले, पिशवीत वही टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बायकोला घेऊन निघाले. वहिनींनी मलाही ओढलं. "तुमी चला मॅडम. हे डॉक्टरले बी बोलू देणार नाहीत."

ते अगदी खरं निघालं.

अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. कॅन्सर होता. पण लवकर सापडला होता. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथींपर्यंत काही पोचलेलं नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत भाऊ रडले नाहीत की देवाला, दैवाला बोलले नाहीत. वहीत नुसते तापाचे आकडे लिहीत बसले. मला त्यांचा राग यायचा. बाई भूल उतरताना "अहो, अहो" करते आहे आणि हे नर्सला विचारतात, "सलाईनचे थेंब मिनिटाले किती?"

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवलं. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी मुलगी, पण बोलणं स्वच्छ. म्हणाल्या, "काका, आता प्रश्न आहे केमोचा. पाच वर्षं गोळ्या तर घ्यायच्याच आहेत. पण केमो द्यावी की नाही, हे नुसतं गाठ बघून कळत नाही. दोन बायकांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात. एकीची पुन्हा कधी डोकं वर काढत नाही, दुसरीची काढते."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले.

"त्यासाठी एक तपासणी आहे. गाठीचा तुकडा आपण मेणात जपून ठेवलाय. पेशीच्या आत जीन्स असतात. त्यातली कुठली जोरात कामाला लागलीयत आणि कुठली गप्प बसलीयत, ते मोजतात. सगळ्यांचा मिळून एक आकडा येतो. शून्य ते शंभर."

"शंभरपैकी?" भाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की बाहेर बसलेल्या कुणाला वाटलं असतं पेशंट बरा झाला. तीन महिने परक्या मुलखात हिंडून आल्यावर कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"हो, शंभरपैकी. आणि हा आकडा जितका..."

"समजलं, डॉक्टर मॅडम." भाऊंनी हात वर केला. "अठ्ठावीस वर्षं तेच केलं म्या. दोन दाणे दिसाले सारखे राह्यतात. एक आतून जित्ता, एक मेलेला. तपासल्याबिगर पेरणी नाही. तुमी नमुना पाठवा."

डॉक्टरीणबाईंच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तोंडातच राहिला. माझंही लक्ष वहिनींच्या टाक्यांकडे होतं. त्या अर्ध्या वाक्याने पुढे आमचे तीन दिवस खाल्ले.

मेणाचा तो ठोकळा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये होता. तिथून आणून दवाखान्यात द्यायचा होता. मे महिन्याचं ऊन, अकोल्याचं. मेण वितळेल म्हणून भाऊंनी काय केलं असेल? ठोकळा प्लास्टिकच्या डबीत, डबी स्टीलच्या डब्यात, आणि डब्याला भोवतीने ओलं गोणपाट. वर सुतळी. सुतळीला चिठ्ठी. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या माणसाने ते गाठोडं बघून हात मागे घेतला. मी चिठ्ठी वाचली. 'नाव: पंचफुला दिनकर तायडे. गाव: मोताळा. वाण: देशी.' खाली तारीख.

"वाण कशाला लिहिलं भाऊ?"

"रकाना होता ना मॅडम," ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते. हे तीन आठवडे म्हणजे भाऊंची खरी परीक्षा. धाडहून वहिनींचे भाऊ, शालिकराम, जीप करून आले. साधा, तापट माणूस. अंगणातच सुरू झाले. "काऊन थांबून राह्यले तुमी? सगळे लोक केमो घेतात. आमच्या गावच्या मास्तरनीनं घेतली. तुमाले काय घाई नाही का माह्या बहिणीची?"

"हाय ना घाई."

"मंग?"

"पेरणी आठ दिवस मागं गेली तर चालते शालिकराम. न तपासता पेरली तर नाही चालत. केमो म्हणजे काही फवारा नोहे, दिसला किडा का मारला. केस जातात, ताकद जाते, तोंडाची चव जाते. लागत असन तर देऊ. म्या सोता तिले धरून बसीन. पन लागत नसन, तर एक थेंब बी तिच्या अंगात नाही जाऊ देणार. डॉक्टर मॅडमनं सांगतलं, इतके दिवस चालतात. आकडा येऊ द्या."

शालिकराम खूप बोलले. गावातले आणखी दोघं-तिघं बोलले. कुणी म्हणालं, दाणे मोजता मोजता हा माणूस बायको घालवणार. भाऊ गोणपाटावर पाणी शिंपडत राहिले. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हट्टाचा मला आधार वाटला.

जूनच्या सुरुवातीला, सकाळी दहाच्या सुमारास, अहवाल माझ्या मोबाइलवर आला. भाऊंकडे ई-मेल नाही म्हणून पत्ता माझा दिला होता. मी घाईघाईने वाचून काढला आणि भिंतीवरून हाक मारली. मनातून मी नाचत होते. आकडा लहान होता. खाली स्पष्ट लिहिलं होतं, गाठ परत येण्याची भीती कमी, केमोने फायदा होण्याची शक्यता नाही.

भाऊ आले. हात ओले, कोपरापर्यंत गोणपाटाचं तूस.

"भाऊ, आलं बघा! सगळं वाचून दाखवते. इथे पहिल्यांदा..."

"किस्से नको मॅडम. आकडा."

"चौदा!"

"शंभरपैकी?"

"शंभरपैकी. चौदाच!"

अंगणात त्या वेळी सात-आठ शेतकरी बसले होते. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, गुंडाळ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "फेरतपासणी होते काय याची?"

"कशाला? इतका स्पष्ट आकडा आहे."

"बरं." त्यांनी धोतराला हात पुसले. "पंचफुलाले म्या सांगतो. तुमी नका सांगू."

मला वाटलं, बत्तीस वर्षांत एकदा तरी या माणसाला बायकोला चांगली बातमी स्वतःच्या तोंडाने द्यावीशी वाटली. आनंदही मोजून करणारा माणूस आहे, चेहऱ्यावर काय दिसणार? मी खुशीत शिरा केला. मी इतकी वर्षं मुलांना उतारा पूर्ण वाचायला शिकवते, आणि तेव्हा मला एवढं सुचलं नाही की यांनी उतारा वाचलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर भाऊंच्या फाटकावर खडूने लिहिलेली पाटी. 'तपासणी बंद.'

मृग तोंडावर आलेला. आदल्या दिवशीचे नमुने तसेच पिशव्यांत. एक शेतकरी मला विचारत होता, "काका बिमार पडले काय मॅडम?" मी म्हटलं, नाही हो, बायकोला घेऊन धाडला गेलेत. सकाळी पहिल्या गाडीने गेले, वहिनींनी जांभळं लुगडं नेसलं होतं आणि पिशवी भाऊंच्या खांद्यावर होती. तो शेतकरी माझ्याकडे बघतच राहिला. पेरणीच्या दिवसांत तायडेकाका सासुरवाडीला गेले, हे त्याला पटेना.

त्याच्या पुढच्या दिवशी दोघं लोणारला गेली. जन्म सगळा याच जिल्ह्यात काढून वहिनींनी लोणारचं सरोवर पाहिलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून म्हणत होत्या आणि भाऊ दर वेळी विचारायचे, "किती किलोमीटर?" संध्याकाळी वहिनी थकून पण फुलून परतल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, पाणी पाह्यलं, देवळं पाह्यली, माकडं पाह्यली. आन् यायनं एक बी गोष्ट मोजली नाही! आकडा बेस आला म्हणून इतके खूश झाले का बाप्पा?"

मीही हसले. बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली निंबाच्या सावलीत दोघं बसलेली. वहिनींचा किस्सा चालू होता. मास्तरांची सायकल. ती विहिरीपर्यंत गेली, विहिरीत पडली, आणि भाऊंनी तोडलं नाही. वहिनी थोड्या थांबल्या, सवयीने, तोडायला जागा ठेवून. भाऊ काहीच बोलले नाहीत. मग वहिनींनी पोराच्या बहिणीचं सासर काढलं. आणि भाऊ म्हणाले, "मंग? सायकल काढली कोनं?"

माझ्या हातातला पिळा खाली पडला. हा माणूस 'मंग?' म्हणाला. याचं काहीतरी भयंकर बिनसलं आहे.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या तशी मी खाली उतरून फाटकातून शिरले. "भाऊ, काय झालंय?"

ते गोणपाटाचा दोरा उसवत होते. "काही नाही मॅडम."

"दार बंद, नमुने बंद. लोक माझ्या दारात येऊन विचारतात. खरं सांगा."

त्यांनी आत बघितलं. वहिनी भांड्यांशी बोलत होत्या. मग हळू आवाजात म्हणाले, "शंभरात चौदा, मॅडम. बियाणं असतं तर म्या शेतकऱ्याले सांगतलं असतं, फेकून दे, पेरू नको. पन हे काही पोतं नोहे ना. तिले म्या आकडा बेस आला असंच सांगतलं." त्यांनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "उगवण कमी आली तर आमी सांगत असतो, पेरा वाढवा. एका जागी दोन दाणे टाका. तसंच म्या ठरवलं. दिवस थोडे हायेत ना तिचे, त एका दिवसात दोन दिवस टाकाचे. धाड झालं. लोणार झालं. आता किस्से राह्यले. ते लय हायेत. म्या सगळे तोडलेले. ते पुरे कराले वेळ भेटन का नाही, काय माहीत. सोमवारी डॉक्टर मॅडम केमो सांगतीन, मंग तिले बोलाची ताकद राह्यते का नाही."

मला आधी काही समजेना, आणि समजलं तेव्हा हसू आणि रडू एकदम आलं. आनंदात किंवा रागात माझी मूळची जळगाव जामोदची भाषा बाहेर येते. त्या दिवशी दोन्ही होतं.

"अहो भाऊ, उलटं वाचून राह्यले ना तुमी! ही काय वहिनीची उगवण हाये काय? ही गाठीची उगवण हाये! गाठ परत उगवायची भीती किती, त्याचा आकडा. तो जितका लहान तितकं चांगलं. चौदा म्हणजे बेस! केमो नाही लागत!"

भाऊंनी हातातलं गोणपाट खाली ठेवलं.

"गाठीची?"

"गाठीची."

"म्हणजे कमी पाह्यजे?"

"कमीच पाह्यजे!"

त्यांचा विश्वास बसेना. अठ्ठावीस वर्षांत कमी आकड्याने कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मी तिथेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्यांनी तेच सांगितलं. केमोची गरज नाही, गोळ्या पाच वर्षं, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. भाऊंनी विचारलं, "म्हणजे आता भेव शून्य?" त्या म्हणाल्या, "शून्य कुणाचाच नसतो, काका. पण हा आकडा चांगला आहे. त्या दिवशी मी तेच सांगत होते, तुम्ही..."

"हो मॅडम," भाऊ म्हणाले. "म्या तोडलं तुमाले. चुकलं माह्यं. आता सांगा. पयलेपासून सांगा. सगळं."

आणि ती मुलगी सांगत राहिली, गोळ्या केव्हा घ्यायच्या, हाडं दुखली तर काय, चालणं किती, आणि हा माणूस फोनकडे तोंड करून पाच मिनिटं एक शब्द न बोलता ऐकत राहिला. फोन ठेवला तेव्हा ते खाली बसले, समोरचं ओलं गोणपाट उचललं आणि त्यात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मी निंबाकडे बघत उभी राहिले.

थोड्या वेळाने तोंड वर काढलं. मिशीला तूस चिकटलं होतं.

"पंचफुलाले सांगू नका, म्या उलटं समजलो म्हणून."

"का? हसतील म्हणून?"

"हसू द्या ना. ते नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तिले वाटते, म्या खुशीत येऊन तिले फिरवलं, खुशीत येऊन आयकत बसलो. भेवानं आयकत होतो हे समजलं तर तिचे ते तीन दिवस खराब होतीन. आन् मॅडम, एक सांगू? बत्तीस वर्षं म्या तिचे किस्से अर्ध्यात तोडले. या तीन दिवसांत समजलं, शेवट लय बेस राह्यते तिच्या किश्श्याचा."

मला हे पंधरा वर्षांपासून माहीत होतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकून मला डोळे पुसावे लागले.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझा चेहरा, भाऊंच्या मिशीतलं तूस, सगळं बघून म्हणाल्या, "काय झालं बाप्पा? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं," भाऊ म्हणाले. "कोनी जात नाही. बस तू."

त्यांनी वहिनींच्या हातातून कप घेतले, एक मला दिला, आणि फाटकाशी जाऊन खडूची पाटी हाताने पुसून टाकली. बातमी कशी पसरते कोण जाणे. अर्ध्या तासात अंगणात पिशव्या घेतलेली माणसं जमली. तीन दिवस वाया गेले होते, जो तो घाईला आलेला. पहिला होता धाडकडचा एक तरुण शेतकरी. त्याने सोयाबीनची पिशवी पुढे केली.

"काका, लवकर पाहा ना. पेरणी आली डोक्यावर."

भाऊंनी पिशवी घेतली, मांडीवर ठेवली, पण गाठ सोडली नाही. शेजारी वहिनी बसल्या होत्या, चहाचा कप हातात धरून, बोलता बोलता थांबलेल्या. इतकी माणसं पाहून त्या उठायला लागल्या. भाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दुसरा हात वर केला, तोच हात, ज्याने आजवर सगळ्यांची वाक्यं तोडली होती. या वेळी तो त्या तरुणाकडे होता.

"थांब बे," ते म्हणाले. "किस्सा चालू हाये. सायकल आता कुठं विहिरीतून वर येऊन राह्यली."